कूलरवरचा आळ

आमच्या प्रभादेवीच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर काही वर्षं मुलांना इंजिनं शिकवली. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक ऑइल कूलर असतो. चार सिलेंडरच्या एका छोट्या विमानाचा, उड्डाणासाठी केव्हाच बाद ठरलेला.

वीतभर लांब, जवळजवळ तेवढाच उंच, चार बोटं जाड. अ‍ॅल्युमिनियमचा, आता राखाडी पडलेला. एकावर एक रचलेल्या चपट्या पोकळ पट्ट्या आणि दर दोन पट्ट्यांच्या मधे नागमोडी दुमडलेला पातळ पत्रा. पट्ट्यांच्या पोटातून तेल वाहतं, नागमोडी पत्र्यामधून वारा जातो. बाजूला होज जोडायची दोन तोंडं, एक गरम तेल आत घेणारं, दुसरं निवालेलं तेल परत देणारं. खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी पान्हा आपटून त्या पत्र्याच्या काही फिन्स, म्हणजे घड्या, दबल्या आहेत. बाकीच्या अजून इतक्या सरळ की खिडकीसमोर धरला तर समुद्राकडचा उजेड आरपार दिसतो. हलणारा भाग त्यात एकही नाही. आपल्या रस्त्यावर त्याच्या जातीचा कुणी पाहायचा तर सिग्नलला थांबलेल्या पल्सर 220 च्या इंजिनापुढे पाहावं. तिथे असतो तो छोटा, हा त्याहून भरलेला.

स्वभावानं हा फार परावलंबी. तेल कुणीतरी त्याच्याकडे पाठवायचं, थंड वारा कुणीतरी आणून द्यायचा, तापलेला वारा कुणीतरी बाहेर काढायचा. या तिघांपैकी एकानं कुचराई केली की पॅनलवरचा ऑइल टेम्परेचरचा काटा चढतो आणि नाव याचं खराब होतं. घरी बांधलेल्या विमानाचं ऑइल तापलं की बांधणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं: कूलर लहान पडतोय, मोठा बसवू. काका म्हणतात, त्यांनी पाहिलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा हा निर्दोष होता. त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते यामुळेच.

विमानाच्या पिस्टन इंजिनात तेलाला दुहेरी काम असतं. बेअरिंग, कॅमशाफ्ट, पिस्टन यांना वंगण द्यायचं आणि जिथे वारा पोचत नाही तिथली उष्णता उचलून आणायची. सिलेंडरच्या बाहेरच्या फिन्सवरून वारा जातो, पण पिस्टनच्या पोटाखाली आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपाशी तेलच जातं. ते उष्णता घेऊन खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरतं, पंप ते उचलतो, कूलरमधून फिरवतो आणि पुन्हा कामाला लावतो. बऱ्याच लायकमिंग इंजिनांना तेलाच्या उष्णतेची वरची मर्यादा 245 फॅरनहाइट असते, म्हणजे साधारण 118 सेल्सिअस. त्याआधीच तेल पातळ होऊ लागतं, दाब उतरतो आणि बेअरिंगमधला तेलाचा थर विरळ होतो. मोटार तापली तर ती सायन सर्कलला बाजूला घेता येते. चढणाऱ्या विमानाला बाजू नसते.

हा त्रास विमानाइतकाच जुना. 1903 मध्ये राइट बंधूंनी उडवलेल्या विमानाचं इंजिन सुरुवातीला 16 अश्वशक्ती देई आणि तापलं की 12 वर येई. तेवढ्यात भागवून ते उडाले.

कारखान्यात तयार झालेल्या विमानात इंजिन थंड ठेवणाऱ्या वाऱ्याची वाट कंपनीनं आधीच आखून, मोजून, तपासून दिलेली असते. स्वतः विमान बांधणाऱ्याला ती स्वतःच शोधावी लागते. मुंबईकरांना असं स्वतः विमान बांधणं आता ऐकून माहीत आहे ते कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बातम्यांमध्ये गच्ची आली, क्रेन आली, परवानग्यांसाठीची वर्षं आली. ते यायलाच हवं होतं. पण असं विमान बांधणाऱ्या कुणाचीही अर्धी रात्र इंजिनावरच्या झाकणाच्या आत, वारा कुठून येतो आणि कुठे अडतो हे शोधण्यात जाते, आणि ती मेहनत कुठल्याही फोटोत येत नाही.

काकांचा एक भाचा अमेरिकेत ओहायोत राहतो. घराच्या गॅरेजमध्ये त्यानं किट आणून दोन आसनी विमान बांधलं. पहिली उड्डाणं सुरू झाली आणि ऑइल तापू लागलं. चढताना काटा 110 च्या पुढे. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, “मामा, मोठा कूलर मागवतोय.” मी तिथेच बसलो होतो. काकांनी कट्ट्यावरचा कूलर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाले, “याला नंतर धर. आधी काटा खरं बोलतोय का ते बघ.”

पहिली चौकशी काट्याची. ऑइलचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात सोडायचा. समुद्रसपाटीला, म्हणजे आमच्या प्रभादेवीत, पाणी 100 अंशांना उकळतं. महाबळेश्वरला तेच पंचाण्णव-शहाण्णवला. भाच्याच्या गावी 99. पॅनलनंही 99 दाखवलं. काटा खरा निघाला. अनेकांचा इथेच खोटा निघतो. सेन्सरची किंवा त्याच्या अर्थिंगची चूक असते आणि तेल बिचारं ठीक असतं.

दुसरी चौकशी व्हर्नाथर्मची. हा कूलरचा सख्खा शेजारी, आणि माझ्या मते सगळ्यात लबाडी करू शकणारा. बोटभर लांबीचा झडपेचा तुकडा, आत मेणाची गोळी. तेल थंड असताना तो आखडलेला असतो आणि तेलाला कूलर टाळून जाणारी जवळची वाट मोकळी ठेवतो. तेल 80-85 अंशांवर गेलं की मेण फुगतं, तो लांब होतो, ती वाट बंद करतो आणि मग तेलाला कूलरमधून जावंच लागतं. तो पूर्ण लांब झाला नाही, किंवा त्याचं टोक बसायच्या जागेवर नीट टेकलं नाही, तर गरम तेलाचा एक ओघ कूलरला न भेटताच इंजिनात परत जातो. कूलर तिथे थंड बसलेला आणि आळ त्याच्यावर.

काकांकडे असा एक जुना व्हर्नाथर्म आहे. त्यांनी गॅसवर छोटं पातेलं ठेवलं, व्हर्नाथर्म बारीक तारेनं बांधून पाण्यात लोंबता सोडला, शेजारी थर्मामीटर. सत्तरपर्यंत काही घडलं नाही. पुढे त्याचं टोक सरकू लागलं, इतकं हळू की नजर हटवली तरच कळावं. पंच्याऐंशीला त्यांनी चिमट्यानं तो बाहेर काढला आणि व्हर्निअर कॅलिपर लावून लांबी भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवली. मग टोकाच्या उतरत्या कडेवर नख फिरवलं. “इथे गोल, सलग, चकचकीत कडं दिसलं पाहिजे. अर्धंच चकाकत असेल तर तो एका अंगानं टेकतोय. मग लांबी कितीही भरो, तेल निसटणार.” भाच्याचा तुकडा दोन्ही परीक्षांत पास झाला.

आता वारा. इथे काकांचा आवाज बदलतो, कारण ही गोष्ट त्यांना सगळ्यात जवळची. पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांतून वारा काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या झाकणात, शिरतो आणि सिलेंडरच्या वरच्या जागेत साठतो. तिथे बॅफल म्हणजे पत्र्याच्या भिंती उभ्या केलेल्या असतात, त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या. हेतू एकच, की वारा दुसरीकडून पळू नये, त्याला सिलेंडरच्या फिन्समधून खाली उतरावं लागावं. कूलर बहुधा मागच्या भिंतीवर बसवतात. वरचा दाबातला वारा त्याच्यातून जातो आणि खालच्या जागेत पडतो, तिथून तळाच्या फटीतून विमानाबाहेर.

आमच्या इमारतीत ज्यांच्या खोल्या समुद्राच्या अंगाला आहेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. पश्चिमेची खिडकी सताड उघडी आहे, बाहेर वारा सुटलाय, तरी आत पान हलत नाही. मग कुणीतरी उठून गॅलरीचं दार उघडतं आणि पडदे एकदम फुगतात. खिडकी तीच, वारा तोच. त्याला फक्त जायला वाट नव्हती. विमान बांधणारे हौशी लोक पुढची तोंडं मोठी करत सुटतात. तोंड मोठं केलं की खालच्या जागेत आणखी वारा कोंडतो, तिथला दाब वाढतो आणि कूलरच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा झाला की त्याच्यातून वाहायचं कारणच उरत नाही. वाऱ्याला ढकलतो तो दाबातला फरक, आणि तो फरक बाहेर पडायच्या वाटेवर ठरतो.

फरक मोजायची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यूसारखी वाकवायची, तिच्यात रंग घातलेलं पाणी भरायचं, एक टोक वरच्या जागेत आणि दुसरं खालच्या. उडताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतलं अंतर म्हणजे वाऱ्यामागचा जोर. भाच्यानं नळी कॉकपिटमध्ये चिकटवली आणि समोर फोनचा कॅमेरा लावून ठेवला. अंतर फारच कमी भरलं.

मग दिव्याची परीक्षा. रात्री गॅरेजमधले दिवे घालवले, काउलिंगच्या खालून एक दिवा आत सरकवला आणि भाचा पुढच्या तोंडातून आत पाहू लागला. जिथून उजेड दिसतो तिथून वारा पळतो. एका कोपऱ्यात रबराची पट्टी उलटी, मागच्या बाजूला दुमडली होती. दाब आला की ती भिंतीला चिकटण्याऐवजी आणखीच उघडत असणार. आणि कूलरच्या कडेला, तो भिंतीला जोडला होता तिथे, करंगळी जाईल एवढी फट. वाऱ्याला दाट जाळीतून जाण्यापेक्षा शेजारच्या फटीतून जाणं सोपं. तो तिथूनच जात होता. काका फोनकडे पाहत म्हणाले, “हे बघ. त्याच्या दारापर्यंत येऊन सगळे बाजूनं निघून जात होते.”

पट्टी पुढच्या बाजूला वळवली, फट सिलिकॉननं बुजवली, तळाच्या फटीचा ओठ थोडा बाहेर वाकवला, म्हणजे बाहेरून वाहणारा वारा आतला वारा ओढून घेईल. कूलर तोच राहिला. पुढच्या चढणीत काटा शंभराच्या आत.

मुंबईसारख्या हवेत एक हिशेब कायम मनात ठेवावा लागतो. बाहेरचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच ऑइलचंही वाढतं. विमानशास्त्रात समुद्रसपाटीचा प्रमाण दिवस 15 अंशांचा धरतात. असा दिवस प्रभादेवीला बहुधा कधीच उजाडत नाही, आणि धुळ्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे थंड देशात 95 वर स्थिरावणारं ऑइल इथल्या दुपारी थेट मर्यादेला जाऊन भिडतं. अशा वेळी कूलर खरोखरच अपुरा असू शकतो आणि तिथे मोठा बसवणं रास्त आहे. पण तो निर्णय बाकी सगळे सुटल्यावरचा. वैमानिकाच्या हातातही थोडं असतं: नाक थोडं खाली घेऊन पुढचा वेग वाढवायचा आणि उंची सावकाश घ्यायची, म्हणजे वारा जास्त मिळतो. नव्या इंजिनाला वेळही द्यावा लागतो. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरमध्ये बसेपर्यंत घर्षण जास्त असतं आणि पहिले काही तास ऑइल तापतंच.

कूलर बसवण्यातही एक अदब लागते. होजची तोंडं खाली करून टांगला तर वरच्या भागात हवा अडकते आणि अर्धी जाळी तेलाविना रिकामी राहते. गवताचं बी, किडे, धूळ समोरून चिकटतात. ते मागच्या बाजूनं हलक्या हवेनं झटकायचे, जोरात फुंकलं की फिन्स वाकतात. आणि एखादं इंजिन आतून मोडलं तर त्याचा कूलर दुसऱ्या इंजिनाला लावायचा नाही. धातूचा चुरा त्याच्या पट्ट्यांच्या पोटात बसून राहतो, धुऊन पूर्ण निघत नाही, आणि नव्या बेअरिंगपर्यंत पोचतो. काकांचा हा कूलर त्याच कारणानं बाद झाला. बाहेरून त्याच्यात आजही काही दोष दाखवता येणार नाही.

डिसेंबरात भाच्याचा पुन्हा फोन आला. ओहायोत बर्फ पडत होतं आणि आता ऑइल सत्तरच्या वर चढत नव्हतं. हेही बरं नाही. इंजिन चालताना तेलात पाण्याचा अंश उतरतो. तेल पुरेसं तापलं तरच तो वाफ होऊन निघून जातो. राहिला तर त्यातून आम्ल तयार होतं आणि कॅमशाफ्ट गंजतो. रोटॅक्सचं इंजिन वापरणाऱ्यांना तर कंपनीच सांगते की उडायच्या दिवशी एकदा तरी ऑइल 100 अंशांपर्यंत जाऊ द्या. व्हर्नाथर्म जवळची वाट मोकळी ठेवतो तेव्हाही थोडं तेल कूलरमधून फिरतच असतं आणि अशा थंडीत तेवढंही पुरतं. एरवी ज्याच्यावर काम कमी केल्याचा आळ, तो इथे जास्त काम करत होता.

“मामा, पुढून पत्रा लावून अर्धा झाकू का?”

“झाक,” काका म्हणाले. “आधी एक तृतीयांश झाक आणि उडून बघ, मग अर्धा. आणि पत्रा लावलाय हे पॅनलवर लिहून चिकटव. मार्चमध्ये ऊन पडलं, काटा चढला, की तू पुन्हा त्यालाच शिव्या देशील.”