पदराची गांठ

सांगितलेलें काम वेळेवर आठवावें म्हणून पदराला गांठ मारण्याची चाल आमच्या रत्नागिरीकडे जुनी आहे. आतां त्या गांठीची जागा मोबाईलच्या घंटेनें घेतली असून औषधाची वेळ, विम्याचा हप्ता, वडिलांचें श्राद्ध, सारें तीच सांगते. तिच्यामुळें माणसें विसराळू झालीं, अशी वडीलधाऱ्या मंडळींची तक्रार आहे. ही भीति नवी नव्हे. लेखनकलेनें मनुष्याची स्मृति दुबळी होईल, असा आक्षेप प्लेटोनें आपल्या 'फीड्रस' संवादांत ईजिप्तच्या एका राजाच्या तोंडीं घातला आहे. आणि तो आज आपणांस कळतो तो लेखनामुळेंच!

तेव्हां पुढें करावयाचें काम आठवतें कसें, हें आधीं पाहावें. आइन्स्टाइन (सापेक्षतावादाचे नव्हेत) व मॅकडॅनियल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं अशा स्मृतीचे दोन प्रकार मानले: एक प्रसंगाला बांधलेली, दुसरी घड्याळाला. आमची आगोट पहिल्या प्रकारची. पावशा ओरडूं लागला कीं घर शाकारावयाचें, लांकडें आंत घ्यावयाचीं, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. पुढें १९९८ सालीं गिन या विदुषीसह त्यांनींच दाखविलें कीं, नुसत्या प्रसंगाची आठवण दिल्यानें फारसा लाभ होत नाहीं. प्रसंग आणि काम हीं दोन्ही सांगणारी सूचनाच सर्वांत उपयोगी पडते. पदराची गांठ बिचारी यांतलें एकही सांगत नाहीं!

घंटेचा धोका निराळा आहे. आमच्या काकूंची रक्तदाबाची गोळी पूर्वीं घरांतलीं चार माणसें विचारीत. मोबाईल आला आणि विचारणें थांबलें. घंटा वाजे तेव्हां काकूंचे हात पिठांत असत. एखादें मूल ती बंद करी, आणि घंटा थांबली म्हणजे गोळी झाली, असें घर समजे. एका श्रावणांत वादळानें दोन दिवस वीज गेली, मोबाईल मुका झाला, आणि गोळ्याही राहिल्या. शेवटीं डॉक्टरांना विचारून काकूंनींच डबी देवघरांत समईशेजारीं ठेविली. तिन्हीसांजेचा दिवा लावणें त्यांना कधीं चुकलेलें नाहीं.

मोबाईल टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. विम्याचा हप्ता त्याच्याकडेच बरा. मात्र त्यांत 'गोळी' एवढेंच न लिहितां 'दिवा लावल्यावर काकूंची गोळी' असें लिहावें, आणि घंटा वाजो न वाजो, घरांतल्या एकानें तरी "काकू, गोळी घेतलीत का?" हें विचारीत जावें.