डाख, कल्हई आणि रेडिओचा संच

‘सोल्डरिंग’ला मराठीत शब्द नाही असे कुणी म्हणाले की मला गंमत वाटते. डाख देणे आहे, झाळणे आहे. आपल्या गोव्यात शेटच्या दुकानात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. शब्द विसरला तर एक वेळ चालेल, पण शब्दाबरोबर त्यातली रीतही विसरते आणि ते महागात पडते.

हे सुचायला कारण माझा नातू. सध्या माझा मुक्काम सुरतला, हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरला, लेकीकडे आहे. नातवाने एफएम रेडिओचा संच आणून जोडला. रेडिओ मुका! “आजोबा, माझ्या हातातच नाही ते,” म्हणून त्याने संच खणात टाकला. चौदाव्या वर्षी मुलाने स्वतःच्या हाताबद्दल असा कायमचा निकाल द्यावा, हे मला काही पटेना.

भिंग घेऊन पाहिले. काही सांध्यांवर डाखेचे गोळे नुसते बसलेले, पकड नाही. काही सांधे मळकट, दाणेदार. एका ठिकाणी दोन शेजारी पाय डाखेने एकमेकांना जोडलेले. त्याला एक सांधा द्यायला सांगितला, तेव्हा कारण कळले. तो तार इस्त्रीच्या टोकावर वितळवी आणि तो थेंब सांध्यावर ठेवी. बहुतेक नवशिके हेच करतात.

आता कल्हईवाला आठवा. तो कथील निखाऱ्यावर वितळवून भांड्यात ओततो का? नाही. आधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवतो. कथील भांड्याच्या उष्णतेने वितळते, म्हणून पसरते. शेटही टाकणखार लावून दोन्ही तुकडे सारखे तापवतो, कारण डाख जास्त तापलेल्या बाजूकडे धावते. इच्छापोरलाच जेम अँड ज्वेलरी पार्क आहे. तिथल्या सोन्याला जो नियम, तोच नातवाच्या तांब्याला.

नवसागराचे काम इथे राळ करते. ती डाखेच्या तारेच्या पोटातच असते आणि धातूवरचा गंज काढते. तार इस्त्रीवर वितळवली की राळ तिथेच जळून जाते, सांधा मळका राहतो आणि डाख गोळा होऊन बसते. म्हणून इस्त्रीचे टोक पाय आणि तांब्याची टिकली या दोघांना एकदम टेकवायचे, एखादा सेकंद थांबायचे, मग तार सांध्याला लावायची. आधी तार काढायची, मागून इस्त्री आणि डाख थिजेपर्यंत काही हलवायचे नाही. सगळे दोन-तीन सेकंदांत. फार वेळ रेटले तर टिकली उखडते. जिथे तांब्याचा पट्टा रुंद, तिथे तो उष्णता खातो, म्हणून किंचित जास्त थांबावे. आणि इस्त्रीच्या टोकालाही कल्हई लागते बरे! काळे पडलेले टोक उष्णता देत नाही. ओल्या स्पंजावर पुसून त्यावर थोडी डाख चढवावी.

तारही बघून घ्यावी. ६० टक्के कथील, ४० टक्के शिसे असलेली तार १९० अंशांच्या आत पूर्ण वितळते. बिनशिशाच्या तारेला साधारण २२० लागतात. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर बंधन घातले, तेव्हापासून ती जास्त दिसू लागली. शिकायला शिशाची सोपी, पण काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, मध्येच खायचे नाही आणि खिडकी उघडी ठेवायची.

नातवाने जुन्या पट्टीवर वीस सांधे गिरवले, मग संच खणातून काढला. डाख शोषणाऱ्या जाळीने जुने गोळे उचलले आणि एकेक सांधा नव्याने दिला. रेडिओ आता खरखरतो, स्टेशन अजून लागलेले नाही. पण पोरगा हाताला दोष देत नाही. भिंग घेऊन सांधे तपासत बसला आहे. कारागिराचे शिक्षण तिथूनच तर सुरू होते.