पंधरा-वीस दिवस अलीकडे फुलणारा आंबेमोहोर पाहिजे

परवा भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशात गांजाच्या अशा जाती काढल्यात, ज्या दिवस लहान व्हायची वाटच बघत नाहीत. ठरावीक वय झालं की फुलतात. रशियाकडच्या रानटी गांजाशी संकर करून हा गुण आणलाय. "मामा, लावू का आपल्या खाचरात?" पोरगा चेष्टा करत होता. (1985 च्या कायद्यानं असं एक झाड लावणंही गुन्हा आहे, तेव्हा चेष्टा चेष्टेतच राहू दे.) पण मला झोप लागेना. कारण आमच्या आंबेमोहोराचं दुखणं हेच आहे.

जुनी गरवी भातं बहुतेक दिवसाच्या लांबीवर चालतात. जूनमध्ये तरवा टाका, जुलैत आवणी करा, दिवस लहान होईपर्यंत भात नुसतं उंच वाढत राहतं. निसवतं उशिरा. तोवर पाऊस उघडला तर वरच्या खाचरांत पळंज. परतीचा पाऊस बसला तर लोंबीच्या भारानं सगळं आडवं. आबांनी शेवटचा आंबेमोहोर केला त्या साली चिखलात लोळलेल्या लोंब्या आम्ही हातानं वेचल्या होत्या. आबा काही बोलले नाहीत. पुढच्या साली घरात इंद्रायणी आली.

इंद्रायणीला नावं ठेवणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेली ही जात 1987 साली आली आणि मुळशी-मावळच्या चुली तिनंच चालवल्या. बुटकी, लोळत नाही, 135-140 दिवसांत कापणीला. वासही आहे. पण आंबेमोहोराची पेज शिजली की अख्ख्या आळीला कळायचं, ते गेलं. आणि पुण्यात त्या नावानं काय काय विकतात, ते वाण्यालाच विचारा.

कुणी म्हणेल, मग हळवं भात लावा, शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळे. अहो, ताम्हिणीच्या अंगाला भर पावसात फुलोरा आला तर पराग धुऊन जातो. शिवाय दाणा भरताना रात्री गार असल्या तर वास चांगला धरतो, बासमतीवाल्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणजे घाई हवी, पण मापात. पंधरा-वीस दिवस, बास.

हे स्वप्नरंजन नाही. छत्तीसगडचा दुबराज असाच उंच, उशिरा येणारा, वासाचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं रायपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर गामा किरण वापरून त्याची बुटकी आणि लवकर येणारी जात काढली. ट्रॉम्बे आपल्याला रायपूरपेक्षा कितीतरी जवळ. पौडला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याकडे आपण रस्ता मागतो, मोबाईलचा टॉवर मागतो. बियाणं कधी मागितलंय?

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. कुणाच्या घरी जुन्या, भेसळ नसलेल्या आंबेमोहोराचं बी अजून कणगीत असेल तर खाली लिहा. पायलीभर नको, ओंजळभर पुरे.