आगगाडीचे इंजिन पाहताना

वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकून दिवसाची वेळ सांगणारी म्हातारी माणसे ताडीवाला रोड, घोरपडी भागात आम्हाला भेटली आहेत. आजच्या मुलांना मात्र ते इंजिन चित्रातच ठाऊक. म्हणून एका रविवारी वस्तीतील मुलांना घेऊन आम्ही कोथरूडला गेलो. कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झाले. एक छोटेसे शहरच तिथे वसवले आहे. त्यातून गाड्या धावतात, सिग्नल बदलतात. मुले काचेला नाक लावून पाहत राहिली.

"वाफेवर एवढी गाडी चालते कशी?" एका मुलीने विचारले. उत्तर सोपे आहे. कोळशाच्या आगीने बॉयलरमधले पाणी उकळते, कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकांना फिरवतो. पण ती आग आपोआप पेटत राहत नाही. फायरमन भट्टीसमोर उभा राहून फावड्याने कोळसा टाकी, तेव्हा गाडी पुढे जाई.

मुंबई-पुणे मार्गावर १९२९-३० च्या सुमारास वीज आली. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन विजेवरच सुरू झाली. दौंड-सोलापूरकडे मात्र पुढेही अनेक वर्षे वाफेचीच इंजिने धावत. त्याआधीचा इतिहास बोरघाटात आहे. १८५६ ला सुरू झालेला हा घाटरस्ता १८६३ ला खुला झाला. १८६१ साली तिथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि अपघातांनी हजारो मेले. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

याच वाफेच्या गाडीची आणखी एक आठवण आपल्या घरातली आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. गाडीने त्यांना मसूर स्टेशनवर सुखरूप उतरवले. इंजिनाने जात विचारली नाही; ती स्टेशनमास्तरने विचारली. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईना. मुलांनी स्वतः गाडी हाकली, तो बाजूने चालला. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. यंत्र बदलले म्हणून माणूस बदलत नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलेल्या या प्रसंगातून मुलांना समजावून सांगावे.

खरे मोठे इंजिन पाहायचे तर दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. जवळ म्हणजे नेरळ. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीचे जुने इंजिन तिथे जपले आहे. फोटो काढताना मूल इंजिनाशेजारी उभे करा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो फायरमनच्या जागेचाही घ्या. रुळांवर मात्र कधीही उभे राहू नका.

आणि पुणे-मिरज मार्गाने कधी गेलात तर मसूरच्या पाटीचा एक फोटो घ्या. अल्बममध्ये इंजिनाच्या फोटोशेजारी तो लावा. मुले विचारतील, "हा कशाला?" तेव्हा त्यांना जवळ बसवून सगळे सांगा.