जयंती एका दिवसाची, मंडळ वर्षभराचे



आपल्या वस्त्यांमधल्या बहुतेक तरुण मंडळांचे आयुष्य मार्चमध्ये सुरू होते आणि 15 एप्रिलला संपते. पावतीपुस्तके निघतात, मंडप ठरतो, डीजेवाल्याला इसार जातो, 14 एप्रिलला मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स गुंडाळून कुणाच्या तरी पोटमाळ्यावर टाकला जातो. त्यानंतर अकरा महिने मंडळ कुठे असते? बाबासाहेबांनी उभारलेले समता सैनिक दल काही वर्षातून एक दिवस भरणारी संघटना नव्हती. मग त्यांच्या नावाने चालणारे मंडळ एका दिवसाचे कसे चालेल?

आम्ही आचोळ्यात राहतो. नालासोपारा पूर्व, वसई-विरार महानगरपालिका, जिल्हा पालघर. आमच्यातले कुणी सकाळची लोकल पकडून दादर-अंधेरीला कामाला जाते, कुणी पार्सल पोचवते, कुणी दवाखान्यात रात्रपाळी करते. आम्हाला आमचा म्हणून मिळतो तो एक रविवार. 2024 ची जयंती झाल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, पुढच्या जयंतीपर्यंत दर रविवारी वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन विहारात बसायचे. दुसरी, काम मराठीतून करायचे. पहिल्या गोष्टीला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरीवरून मात्र मंडळात चांगलेच वाजले. ते भांडण आणि त्यानंतरचे आमचे वर्ष, दोन्ही मांडायला हा लेख आहे.

आक्षेप तीन होते आणि तिन्ही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

पहिला आक्षेप आईबापांचा. "पोरं इंग्लिश मीडियमला आहेत, फी भरताना जीव जातो, आणि तुम्ही पुन्हा मराठीत ओढता? बाबासाहेब कोलंबियाला मराठीवर गेले का?" दुसरा आक्षेप आमच्याच कार्यकर्त्यांचा. आचोळ्यात उत्तर प्रदेश-बिहारची कितीतरी कुटुंबे राहतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. मराठीचा आग्रह धरला तर त्यांची मुले येतील का? तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार होता. मराठीच्या नावाने दुकानदाराच्या कानाखाली मारणारे राजकारण आपण पाहतो. ती अस्मिता आपली कधी होती?

आमचे उत्तर असे. इंग्रजीला आमचा विरोध नाही, असूच शकत नाही. बाबासाहेबांनी प्रबंध इंग्रजीत लिहिले, कारण ते जगाशी बोलत होते. पण आपल्या माणसांशी बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला, 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत', पुढे 1930 मध्ये 'जनता' आणि 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ही चारही पत्रे मराठी. नागपूरला लाखो माणसांनी 22 प्रतिज्ञा उच्चारल्या त्या मराठीत. आपल्या चळवळीचे दप्तर मराठीत आहे. ते ज्या पोराला वाचता येत नाही त्याला बाबासाहेब कोण सांगणार? तीस सेकंदांचे रील सांगणार, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर निळा पंचा घालून येणारा उमेदवार सांगणार. ज्याला स्वतःचे दप्तर वाचता येत नाही, त्याला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते आणि वाचून दाखवणारा त्यात काय घालतो-गाळतो ते कळत नाही. आपल्या पूर्वजांवर हीच तर वेळ आणली होती!

मराठी आपल्या घरातून गेली कशी, हेही तपासले पाहिजे. ती नुसती बाजाराने घालवली नाही, लाजेनेही घालवली. आमच्या आयांच्या पिढीने शाळेत तोंड उघडले की 'तुमच्यात असंच बोलतात का?' हे ऐकलेले आहे. ज्यांना शुद्ध-अशुद्ध ठरवायचा अधिकार मिळाला त्यांनी भाषेलाही सोवळ्यात बसवले. मग त्या आयांनी ठरवले की निदान आपल्या लेकराला तरी हे ऐकावे लागू नये. हा निर्णय चुकीचा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तो अपमानातून घेतला गेला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या संदर्भात वेल्सचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडला लागून असलेला हा छोटा देश. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांमध्ये जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरे कुणी वेल्श बोलले की तुकडा त्याच्या गळ्यात जाई आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे तो राहील त्याला छडी. गळ्यात काही अडकवून माणसाला हिणवणे आपल्याला सांगायला नको, आपल्या पूर्वजांच्या गळ्यात गाडगे होते. 1922 मध्ये इफान अब ओवेन एडवर्ड्स यांनी मुलांच्या एका मासिकातून हाक दिली आणि 'उर्द गोबैथ कम्री' ही वेल्श भाषेतली मुलांची-तरुणांची संघटना उभी राहिली. तिचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते: गावोगावच्या शाखा, मुलांची शिबिरे, दर 18 मेच्या सुमारास जगातल्या तरुणांना पाठवायचा शांततेचा संदेश आणि मे महिन्याच्या शेवटी गाणे, पठण, नाटक यांचा मोठा महोत्सव. 1929 पासून भरणाऱ्या या महोत्सवासाठी शाखाशाखांत महिनोन्‌महिने तयारी चालते. म्हणजे सण एक आठवडा, काम बारा महिने. 1921 मध्ये वेल्समध्ये शंभरातले सुमारे 37 लोक वेल्श बोलत, 2021 मध्ये सुमारे 18. एका संघटनेने घसरण थांबली नाही. पण भाषा मेली नाही आणि मुलांना तिची लाज वाटेनाशी झाली.

पण एक फरक आहे. वेल्श मुलांना त्यांच्या भाषेची लाज परक्या सत्तेने लावली. आपल्याला मराठीची लाज मराठी बोलणाऱ्यांनीच लावली. म्हणून 'माय मराठी'चा गजर करून आपले भागणार नाही. आपल्याला मराठी हवी आहे ती मुक्ता साळवेची. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या मातंग मुलीने 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. आमच्या रविवारच्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची.

आता वर्ष कसे गेले ते सांगतो.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आम्ही सुरुवात केली. वंदना पालीतून सगळ्यांना पाठ होती. पण देवनागरीतला एक परिच्छेद वाचायला दिला की आठवी-नववीची मुले जोडाक्षराला अडायची. मराठी आकड्यांचा तर पत्ताच नाही. 'एकोणसत्तर' म्हटले की एकमेकांकडे बघायची आणि शेवटी कुणीतरी विचारायचे, "म्हणजे सिक्स्टी नाइन ना?"

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला घेतला. एकाने पान मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे, तिसऱ्याने प्रश्न विचारायचा. घरची बोली आली तर कुणी हसायचे नाही, हा नियम. हिंदी बोलणाऱ्या मुलांनी तेच पान हिंदी आवृत्तीतून वाचायचे, मग मराठीतून ऐकायचे. भाषेवरून कुणालाही परत पाठवायचे नाही, हाही नियम. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी आले की वाचन बुडायचे, पण पाणी ओसरले की मुले पुन्हा यायची. भगवंतांचे वचन संस्कृतात बांधू द्या, असे ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी मागितले तेव्हा भगवंतांनी नकार देऊन आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली. विनयातली ही गोष्ट ऐकल्यावर एका हिंदी बोलणाऱ्या मुलाने विचारले, "मग मी भोजपुरीत सांगू का?" त्याने सांगितले. आम्हाला अर्धेमुर्धे कळले. दुसऱ्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आम्हाला देता आले नसते.

ऑक्टोबरच्या 3 तारखेला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वर्तमानपत्रे कौतुकाने भरून गेली. आम्ही अशोक विजयादशमीला मुलांना घेऊन रूळ ओलांडून पायी सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला आणि आतून धातुकरंडक निघाला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि 1956 मध्ये, आपल्या धम्मक्रांतीच्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्याचा. आठव्यात सम्राट सांगतो की त्याने शिकारीच्या सफरी सोडून धम्मयात्रा धरली. नवव्यात तो सांगतो की लग्न-आजार-प्रवासाचे विधी पोकळ आहेत, दास आणि चाकरांशी नीट वागणे हे खरे मंगल. आणि हे त्याने लिहवले लोकांना कळणाऱ्या प्राकृतात. ज्या मराठीच्या प्राचीनपणाचा अभिमान मिरवला जातो तिचे मूळ प्राकृतात आहे आणि त्या प्राकृतातला राजाचा शब्द आपल्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर दगडात कोरलेला होता. हे आचोळ्यातल्या मुलांना कुठली शाळा सांगते?

नोव्हेंबरच्या 26 तारखेला संविधान स्वीकारल्याला 75 वर्षे झाली. मुलांनी उद्देशिका मराठीत न अडखळता वाचली. आणि त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस आचोळ्यात बुलडोझर आले.

बातमी तुम्ही वाचली असेल. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर आणि तिला लागून 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडायला सुरुवात झाली आणि 2025 च्या सुरुवातीला शेवटची इमारत गेली. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ज्यांनी बांधून विकल्या त्यांचे पैसे वसूल झाले होते, ज्यांनी आयुष्याची कमाई घातली ते रस्त्यावर आले. त्यात मराठी होते, हिंदी बोलणारे होते, सर्व जातिधर्मांचे होते. आमच्या वर्गातली मुलेही होती आणि काहींची दहावी तोंडावर होती.

त्या दिवसांत रविवारचा वर्ग बंद पडला नाही, त्याचे रूप बदलले. विहारात सतरंजी अंथरून आम्ही कागद वाचायला बसलो. नोटीस मराठीत, सातबारा मराठीत, आरक्षणाची भाषा मराठीत. घर घेताना तो कागद अनेकांनी दुसऱ्याकडून वाचून घेतला होता, आणि वाचून दाखवणारा बहुधा विकणाराच होता. आता शाळेचा दाखला, परीक्षा केंद्र, शिधापत्रिकेवरचा पत्ता, प्रत्येकासाठी अर्ज हवा होता. जी मुलगी मे महिन्यात जोडाक्षराला अडत होती, ती शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंसाठी मराठीत अर्ज लिहीत होती. त्या अर्जांनी एकही घर वाचले नाही. पण काही मुलांचे वर्ष वाचले.

तिसऱ्या आक्षेपाला आमचे उत्तर तिथे मिळाले. मराठी अस्मिता त्या सतरंजीवर कुणाच्या उपयोगी पडली नाही, मराठी वाचता-लिहिता येणे उपयोगी पडले. भाषेच्या नावाने गरिबाला मारणारा आणि भाषा वापरून त्याच गरिबाचा अर्ज लिहिणारा, दोघेही मराठीच बोलतात. आपण कोणत्या बाजूचे, हे ठरवावे लागते. वेल्सच्या त्या संघटनेनेही 2021 मध्ये अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांना कार्डिफमधल्या आपल्या केंद्रात आसरा दिला आणि त्यांची मुले वेल्श शिकू लागली. भाषा जपणाऱ्याने दार बंदच केले पाहिजे असे नाही.

डिसेंबरात 6 तारखेला चैत्यभूमी, मग परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना आणि त्यानंतर कोठडीत गेलेला सोमनाथ सूर्यवंशी यांचा जीव. त्या रविवारी वाचन नव्हते, नुसते बसणे होते. 3 जानेवारीला मुलांनी मुक्ता साळवेवर सांगितले. 31 जानेवारीला 'मूकनायक'ची आठवण म्हणून पुठ्ठ्यावर हस्तलिखित भित्तिपत्रक लावले. पहिला लेख तुटलेल्या इमारतीवर होता आणि तो एका मुलाने आपल्या घरच्या बोलीत लिहिला होता. आम्ही त्यातला एकही शब्द 'शुद्ध' केला नाही.

मार्च आला आणि पावतीपुस्तके निघाली. भांडण पुन्हा झाले. आम्ही म्हणालो, या वर्षी डीजे नको, वस्तीतली माणसे भाड्याच्या खोल्या शोधत फिरताहेत. काही मित्रांना ते पटले नाही आणि त्यांनी वेगळी मिरवणूक काढली. ते आमचे शत्रू नाहीत, एकाच निळ्या झेंड्याखालचे आहोत. आमच्या पावत्यांतून पुस्तकांचे एक कपाट, वह्या आणि काही मुलांच्या फीचे पैसे निघाले. 14 एप्रिल 2025 ला मुलांनी माइकवर स्वतः लिहिलेले वाचले.

वाचकांपैकी जे मंडळ चालवतात त्यांना एवढेच सांगणे आहे. डीजेच्या रकमेत वर्षभराचे वाचन बसते. आपल्याकडे पौर्णिमा आहेत, वर्षावास आहे, 20 मार्च आहे, 25 डिसेंबर आहे. वर्षाचे वेळापत्रक आपल्याला कुणाकडून उसने घ्यायचे नाही. येत्या रविवारी पाच मुले गोळा करा, एक पान वाचायला द्या आणि कुणी अडखळले तर हसू नका.

जयभीम! नमो बुद्धाय! जय संविधान!