विहीर, वहिवाट आणि अनुच्छेद १५

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२)मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि रस्त्यांबरोबर विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून त्यांचा वापर कोणालाही नाकारता येत नाही. हा खंड वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यावरून उभा राहिलेला दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. वाद मालकीचा आणि वहिवाटीचा होता. तळे नगरपालिकेचे ठरले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही.

मालकीचा प्रश्न मात्र संविधानातही उरला. अनुच्छेद १५(२)चे संरक्षण शासनाच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या, किंवा सर्वांसाठी खुल्या केलेल्या पाणवठ्यांपुरते आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर येथे २०१६च्या दुष्काळी उन्हाळ्यात नेमकी हीच मर्यादा उघडी पडली. खासगी विहिरीवर पत्नीला पाणी नाकारले गेले, तेव्हा एका दलित मजुराने खडकाळ जमिनीत एकट्याने विहीर खणायला घेतली. रोजंदारीला जाण्याआधी आणि परतल्यावर खणत सुमारे चाळीस दिवसांत त्याने पाणी काढले. त्या विहीरमालकाचे नाव त्याने सांगितले नाही. गावात वितुष्ट नको होते.

अशा प्रसंगी कायदा हतबल आहे, असे नाही. अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली असून तो शासनाइतकाच खासगी व्यक्तीलाही बांधतो. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५च्या कलम ४नुसार लोकांना जिथे पाणी भरण्याचा हक्क आहे, किंवा नुसती मुभा आहे, तिथे अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. विहिरीवर शेजारपाजार पाणी भरत असेल आणि एकीचाच हंडा रिकामा परतत असेल, तर सातबाऱ्यावरचे नाव बचावाला पुरेसे ठरू नये. कलम १२ तर त्याहून मोलाचे: पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. २६ जानेवारी २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अशी अडवणूक अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही आली. तेथे शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आहे.

अडते ते फिर्यादीपाशी. ज्यांच्या शेतावर मजुरी मिळते, त्यांच्याच विरुद्ध पोलीस ठाणे गाठायचे असते. म्हणून अनुच्छेद २४३घ महत्त्वाचा ठरतो. पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव आहेत, आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत पिण्याचे पाणी आहे. नळ कोणत्या वस्तीपर्यंत न्यायचा, बोअर कुठे घ्यायचा, हे ठरताना त्या वस्तीचा माणूस बैठकीत असतो. पंचायतीच्या निधीतून झालेला पाणवठा अनुच्छेद १५(२)च्या कक्षेत आपोआप येतो. तेथे मालकीचा वाद घालता येत नाही.