मूर्तिजापूरचे इंजिन आणि हमीचा कागद

मुंबईहून नागपूरकडे निघालेल्या गाडीने अकोला मागे टाकले, की थोड्याच वेळात मूर्तिजापूर येते. जलद गाडीतील प्रवाशाला फलकावरील नाव वाचण्यापुरताच अवकाश मिळतो. त्या नावापुढे ‘जंक्शन’ हा शब्द आहे आणि वऱ्हाडातील जुन्या व्यापारी घरांना त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. या स्थानकातून दोन अरुंद लोहमार्ग फुटत. उत्तरेकडचा लाखपुरी, बनोसा, अंजनगाव आणि पथ्रोट या गावांवरून अचलपूरला जाई. दक्षिणेकडचा कारंजा आणि दारव्हा घेत यवतमाळला पोहोचे. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटरचा हा मार्ग, रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले आणि सरकारी नावापेक्षा तेच टिकले.

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अकोला आणि अमरावती या दोन मोठ्या बाजारपेठांच्या मधोमध ते वसले आहे. भोवताली काळी कसदार जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती. उन्हाळा असा, की पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे वाटत नाही. याच तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी संत गाडगेबाबांचे बालपण गेले. कर्ज काढून सणवार करू नका, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. हिशेबाचा आणि विवेकाचा संबंध या मातीला नवा नाही.

शकुंतलेचा जन्म कापसासाठी झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन या मुंबईतील ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने हा मार्ग आकाराला आला. यवतमाळ आणि अचलपूर भागातील कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणावा, तेथून तो मुंबई बंदरात जावा आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत, अशी ती योजना होती. ज्या मँचेस्टरला कापूस जाई, तेथूनच या गाडीचे इंजिनही आले. १९२१ मध्ये बांधलेले ते वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. एका यंत्राने सत्तर वर्षे एकाच वाटेवर चाकरी केली.

या सत्तर वर्षांचे मर्म कोणत्याही हमीपत्रात सापडणार नाही. ते बॉयलर धुणाऱ्या, वंगण घालणाऱ्या, झिजलेला भाग जागच्या जागी घडवून बसवणाऱ्या माणसांच्या हातांत होते. गाडीवर कर्मचारी इतके थोडे, की गार्डच उतरून फाटक लावी आणि तोच तिकिटेही देई. यंत्र चालते ते त्याच्याकडे रोज पाहणाऱ्या माणसामुळे, हे या मार्गाने दाखवून दिले.

मग ही गाडी थांबली कशाने? कारण इंजिनात नव्हते, करारात होते. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्रीय झाली, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीत राहिला. गाडी भारतीय रेल्वेने चालवावी, मार्गाच्या वापराचा मोबदला कंपनीला द्यावा आणि कराराचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण व्हावे, अशी ती व्यवस्था होती. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची आणि प्रवास तिसऱ्याचा. स्लीपर कुजले, पूल जुने झाले, वेग कमी करत आणावा लागला आणि गेल्या दशकात दोन्ही शाखांवरील गाड्या टप्प्याटप्प्याने बंद पडल्या. प्रवासी कराराचा पक्षकारच नव्हता. त्याच्या हातात फक्त तिकीट होते.

‘हमी’ हा शब्द तर रेल्वेच्या जन्माशीच जोडलेला आहे. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी झालेल्या करारात भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती. ती भागधारकाला होती. डब्यात बसणाऱ्याला किंवा गाठोडे चढवणाऱ्याला तशी हमी कोणी दिली नव्हती. हमी कोणी दिली, कोणाला दिली आणि कोणत्या अटीवर दिली, हे तीन प्रश्न आजही कोणत्याही हमीच्या कागदाला विचारावे लागतात.

स्थानकाबाहेर पडून महामार्गावर आले, की काळ बदलतो. अकोला-अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ याच तालुक्यातून जातो. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील माना या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. शकुंतलेच्या वाटेवर स्लीपर बदलायला वर्षानुवर्षे मुहूर्त लाभला नाही. येथे पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर पार पडले.

या गुळगुळीत रस्त्यावर आता मोटरसायकली धावतात. शकुंतलेने जो माणूस आणि जो माल वाहिला, तो आज दुचाकीवर आहे. आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारा फेरीवाला, किराण्याची वसुली करणारा दुकानदाराचा मुलगा, बियाण्यांचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता, या सर्वांचे दुकान दोन चाकांवर असते. मे महिन्याच्या दुपारी असे वाहन कुरूम किंवा मान्याजवळ अचानक घरघरून थांबते आणि किक खालीच जात नाही, तेव्हा त्या घराची दिवसाची कमाई तेथेच थांबते. मेकॅनिक एका वाक्यात निदान करतो, ‘इंजिन जाम झालं.’

हे जाम होणे म्हणजे काय? सिलिंडर आणि त्यात वरखाली धावणारा पिस्टन यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. तेल कमी पडले, जळले किंवा पंपाने ते वर चढवले नाही, तर हा थर तुटतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि आतच घट्ट बसतो. बहुतेक मोटरसायकलींत तेल लिटरभराच्या आसपासच असते. त्यात पाव लिटरची घट झाली, तरी वऱ्हाडच्या उन्हात ती महाग पडते.

वाद येथूनच सुरू होतो. गाडी वॉरंटीत असेल तर मालक निश्चिंत असतो. पण सेवा केंद्रात इंजिन उघडले जाते आणि उत्तर मिळते, की तेल कमी होते, म्हणजे निष्काळजीपणा मालकाचा. वॉरंटी लागू नाही. मालकाचे म्हणणे असे, की तेल कमी झालेच का? पंप सदोष असेल, रिंग सदोष असतील, सील गळत असेल. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असू शकते आणि निवाडा पुराव्यावर होतो. तो पुरावा मात्र इंजिन उघडण्यापूर्वीचा असावा लागतो.

व्यापारी घरांत कागदाचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. हुंडी ज्या पेढीवर लिहिली, ती पेढी ती सकारते, या एका विश्वासावर दूरदूरचे व्यवहार चालत. हुंडी सकारली नाही, तर पैशांच्या आधी पत जाई. वॉरंटीचे पुस्तक ही कारखानदाराने ग्राहकाच्या नावे लिहिलेली एक हुंडीच आहे, फक्त तिला अटी जोडलेल्या असतात. ठरलेल्या मुदतीत किंवा ठरलेल्या किलोमीटरांत, जे आधी पूर्ण होईल तोवर; ठरलेल्या वेळी, अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग; क्लच प्लेट, ब्रेक शू, साखळी यांसारखे झिजणारे भाग वगळून; भेसळीचे इंधन, जादा भार आणि बाहेरचे फेरफार वगळून. दुकानात साखरेच्या एका पोत्याचे बिल दोनदा तपासणारा माणूस लाखभर रुपयांच्या गाडीचे हे पुस्तक डिकीत न उघडता ठेवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

म्हणून जाणकार वाहनमालक काही गोष्टी पाळतात. प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड आणि बिल, मोफत असले तरी, मागून घेतात आणि त्यावर किलोमीटरची नोंद आहे ना ते पाहतात. गाडी बंद पडली, तर रस्त्यावरच्या गॅरेजात इंजिन उघडू देत नाहीत. सेवा केंद्रात ते आपल्या समक्ष उघडले जावे, तेलाची पातळी आधी मोजली जावी आणि छायाचित्रे घेतली जावीत, असा आग्रह धरतात. वॉरंटी नाकारली, तर नकाराचे कारण लेखी मागतात. तोंडी नकार म्हणजे तारखेविना वहीतली नोंद. तिच्या आधारे पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

कायदा अशा माणसाच्या बाजूने बराच पुढे आला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याने मालाच्या योग्यतेविषयी विक्रेत्यावर काही जबाबदाऱ्या टाकल्या होत्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिवाणी दाव्याच्या लांब वाटेऐवजी जवळची वाट दिली. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली. गाडी अमरावतीला घेतली आणि कारखाना परराज्यात असला, तरी मूर्तिजापूरच्या माणसाला अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

अपेक्षा मात्र कागदाएवढीच ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारगाडीच्या प्रकरणात सांगितले, की हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल, तर तेवढेच मागता येते. संपूर्ण नवी गाडी मागता येत नाही.

व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा असा मुद्दा निराळाच आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी घेणारा मात्र ठरतो. एकट्याने फेरी करणाऱ्याची मोटरसायकल आणि पेढीच्या नावे, माल पोहोचवण्यासाठी घेतलेल्या पाच मोटरसायकली यांत कायदा भेद करू शकतो. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद विस्ताराने मांडला. कारखान्यासाठी घेतलेल्या यंत्राबद्दलची ती तक्रार ग्राहकाची नव्हे, असे ठरले. उलट २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात नर्सच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिका व्यापारी हेतूच्या नाहीत, असा निर्णय झाला. व्यवहाराचा मुख्य हेतू काय, यावर सारे अवलंबून असते. करबचतीसाठी घरची गाडी पेढीच्या नावे घेणाऱ्याने ही दुसरी बाजूही तोलावी.

महाराष्ट्रात एका वाहनाने इंजिन बंद पडण्याच्या प्रश्नाला फार साधे उत्तर दिले होते. अहमदनगरच्या फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली. पन्नास सीसीच्या त्या गाडीला सायकलसारखी पॅडल होती. इंजिन रुसले, पेट्रोल संपले, तरी पॅडल मारत घरी पोहोचता येई. आपले यंत्र कधीतरी बंद पडेल, हे निर्मात्याने गृहीत धरले होते आणि त्या वेळी ग्राहक रस्त्यावर उभा राहू नये, याची तजवीज यंत्रातच केली होती.

मूर्तिजापूरहून दक्षिणेस गेले, की कारंजा लागते. तेथील प्राचीन जैन मंदिरे, ग्रंथभांडार आणि १९१८ मध्ये स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम यांमुळे शकुंतलेच्या डब्यांत विद्यार्थी, अभ्यासक आणि यात्रेकरू यांची ये-जा असे. कारंजाच्या भांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात संपादून प्रकाशात आणली. शतकानुशतके ती पोथी जपली गेली, कारण दर पिढीत कोणीतरी तिचे वेष्टन उघडून, ऊन दाखवून, पुन्हा बांधून ठेवत होते. उत्तरेकडच्या शाखेने अचलपूरला उतरून भाविक मुक्तागिरीच्या बावन्न मंदिरांकडे निघत. आज त्याच वाटेवर कुटुंबे मोटारीने किंवा मोटरसायकलने जातात.

वाहन बदलले, पण प्रवासी आणि यंत्र यांच्यामधला शब्द तोच राहिला आहे. मँचेस्टरचे इंजिन सत्तर वर्षे चालले, कारण त्याची काळजी कोणाची, हे रोज ठरलेले होते. रूळ मोडकळीस आले, कारण ते ठरलेले राहिले नाही. मोटरसायकलच्या बाबतीतही तेल पाहण्याचे काम मालकाचे आणि शब्द पाळण्याचे काम कारखानदाराचे असते. दोघांपैकी कोणी चुकले, हे सांगणारा कागद मात्र ज्याने जपून ठेवला, त्याच्याच उपयोगी पडतो. मूर्तिजापूरला उतरलेल्या व्यापाऱ्याने अरुंद मार्गाच्या जुन्या फलाटाकडे एकदा जावे आणि घरी परतल्यावर डिकीतले ते पुस्तक उघडून वाचावे.